लेबनॉनमध्ये रिचार्ज फुकटात पडत होता, तेव्हाच नेटवर्क खंगत होते

प्रश्न थोडक्यात असा: लेबनॉनमध्ये २०१९ नंतर तिथले चलन, लिरा, कोसळला, लोकांच्या ठेवी बँकांत अडकल्या, आणि नेमक्या अशा वेळी १ जुलै २०२२ पासून सरकारने मोबाईलचे दर एका झटक्यात पाचपटीहून अधिक केले. तिथल्या दोन्ही मोबाईल कंपन्या सरकारच्याच मालकीच्या आहेत. मग लोक होरपळत असताना निदान फोन तरी जुन्या दराने चालू ठेवता आला नसता का? नफा बुडाला तर बुडाला.

माझे उत्तर: जुन्या दराने फोन चालू ठेवलाच होता की! तब्बल पावणेतीन वर्षे. आणि नेटवर्कची वाट लागली ती त्याच काळात. २०२२ ची दरवाढ लोकांना असह्य झाली, कारण २०२० पासून टप्प्याटप्प्याने व्हायला हवी होती ती सगळी एकदम अंगावर आली. माझी अर्धी नोकरी नेटवर्क ऑपरेशन्समध्ये गेली आणि उरलेली टॅरिफच्या टेबलावर, त्यामुळे मी या प्रश्नाकडे डिझेल आणि दरपत्रक अशा दोन्ही टोकांकडून बघतो. चलनाचे गणित अर्थतज्ज्ञ माझ्यापेक्षा बरे सांगतील. टॉवरखाली काय होते ते मात्र क्वचितच कोणी सांगतो.

आधी तिथला बाजार कसा होता ते बघू. लेबनॉनमध्ये मोबाईल आला तो १९९४ च्या दोन बीओटी कंत्राटांतून (कंपनीने बांधायचे, काही वर्षे चालवायचे, मग सरकारच्या हवाली करायचे). सेलिस आणि लिबानसेल अशा त्या दोन कंपन्या. पुढे सरकारचे आणि त्यांचे फाटले, कंत्राटे मुदतीआधीच मोडली आणि दोन्ही नेटवर्क सरकारच्या ताब्यात आली. त्यांचीच आजची नावे अल्फा आणि टच. मालक सरकार, पण रोजचा कारभार व्यवस्थापन करारावर बाहेरच्या कंपन्यांकडे: अल्फा ओरास्कॉमकडे, टच झेनकडे. २०२० मध्ये तेही संपले आणि कारभार थेट दूरसंचार मंत्रालयाच्या हाती आला. लँडलाइन, एक्सचेंज, फायबर आणि देशाबाहेर जाणारे इंटरनेट हे सगळे ओजेरो नावाच्या सरकारी संस्थेकडे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे गाडी तिथेच अडणार आहे.

दोनच कंपन्या आणि दोन्हींचा मालक एकच, म्हणजे स्पर्धा नावालाच. दर त्या भागातल्या महागड्या दरांपैकी होते आणि चांगल्या वर्षांत तिजोरीला यातून अब्जाहून अधिक डॉलर मिळत. कुठल्याही अर्थमंत्र्याला ही दुभती गाय हवीहवीशीच वाटणार. साधा कॉल महाग म्हणून अख्खा देश व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचा. तिजोरी आटू लागली तेव्हा सरकारची नजर तिकडेच गेली. १७ ऑक्टोबर २०१९ ला जाहीर झाले, की इंटरनेट कॉलवर दिवसाला २० सेंट, म्हणजे महिन्याला ६ डॉलरपर्यंत आकार लागेल. त्याच रात्री लोक रस्त्यावर उतरले. काही तासांत आकार मागे घेतला गेला, पण आंदोलन थांबले नाही आणि २९ ऑक्टोबरला पंतप्रधान साद हरीरी यांनी राजीनामा दिला. आंदोलनाची कारणे अर्थातच ६ डॉलरपेक्षा पुष्कळ खोल होती. पण नंतरच्या मंत्र्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल? फोनच्या दराला हात लावायचा नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या दिरंगाईचे मूळ इथे आहे.

आता हिशेब. १९९७ पासून एका डॉलरला १,५०७.५ लिरा हा अधिकृत दर ठरलेला होता. मोबाईलचे दर कागदावर डॉलरमध्ये, ग्राहक भरायचा लिरामध्ये, आणि गुणायचे ते याच दराने. म्हणजे १० डॉलरच्या रिचार्जचे कर सोडून १५,०७५ लिरा. मार्च २०२० मध्ये देशाने १.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांची परतफेड थांबवली. त्यानंतर बाजारात डॉलर मार्च २०२१ मध्ये १५,००० लिरांवर, जानेवारी २०२२ मध्ये ३३,००० च्या आसपास गेला. रिचार्ज मात्र १५,०७५ लिरांनाच! म्हणजे कागदावरच्या १० डॉलरमधून कंपनीच्या हाती खऱ्या अर्थाने एक डॉलर, मग अर्धा डॉलर.

ग्राहकाला हे स्वस्त वाटत होते का? डॉलरमध्ये पगार किंवा परदेशातून पैसे येणाऱ्याला तर जवळजवळ फुकट. लिरामध्ये पगार घेणाऱ्याला मात्र रिचार्ज आधी होता तेवढ्यालाच होता, बाकी सगळे महागले इतकेच. दर गोठवण्याचा सगळ्यात मोठा फायदा ज्याला गरज सगळ्यात कमी त्याला होतो, हे टॅरिफच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही दिसते. फक्त मंत्र्याच्या पत्रकार परिषदेत ते सांगता येत नाही.

कंपनीचा खर्च मात्र डॉलरमध्येच राहिला. पगार लिरात होते, तेवढीच बचत (आणि म्हणूनच चांगले इंजिनीअर आखाताकडे निघाले). बाकी उपकरणे, स्पेअर कार्ड (उपकरणांतल्या इलेक्ट्रॉनिक पाट्या), सॉफ्टवेअर लायसन्स, व्हेंडरचा सपोर्ट करार, बॅटऱ्या, जनरेटरचे सुटे भाग, हे सगळे डॉलरमध्ये. तेही ‘फ्रेश डॉलर’ हवेत, म्हणजे नोटा किंवा बाहेरून नव्याने आलेले पैसे. लेबनीज बँकेत जुन्या खात्यात अडकलेल्या डॉलरला लोक ‘लोलार’ म्हणू लागले होते. तो आकडा पासबुकात दिसायचा, पण त्यावर कोणी परदेशी व्हेंडर एक कार्ड पाठवत नसे.

आता एक साधी छतावरची साइट, म्हणजे टॉवरची जागा घ्या. रेडिओ, ट्रान्समिशन आणि कूलिंग मिळून भार तीनेक किलोवॉट. खाली किंवा बाजूला १५-२० केव्हीएचा डिझेल जनरेटर (डीजी सेट), एसीची डीसी वीज करणारा एक रेक्टिफायर आणि ४८ व्होल्टची बॅटरी बँक. बैरूतमध्ये संकटापूर्वीही रोज तीन तास वीज जायची, शहराबाहेर त्याहून बरीच जास्त. म्हणजे जनरेटर तिथे नवा नव्हता. पण दिवसाला चार-सहा तास चालण्याच्या हिशेबाने बसवलेला सेट २०२१ मध्ये बावीस तास चालू लागला, कारण सरकारी वीज दिवसाला एक-दोन तासांवर आली. ९ ऑक्टोबर २०२१ ला तर देर अम्मार आणि झहरानी ही दोन मोठी वीजकेंद्रे इंधनाअभावी बंद पडली आणि सरकारी ग्रिडच पूर्ण झोपले.

बावीस तास म्हणजे काय ते बघा. असा सेट कमी भारावर तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल पितो. म्हणजे एका साइटला रोज ४०-५० लिटर. टाकी दर तीन-चार दिवसांनी भरायची, टँकर पाठवायचा, टँकरलाही डिझेल लागते. ऑइल आणि फिल्टर साधारण २५० तासांनी बदलायचे. चार तास चालणाऱ्या सेटची सर्व्हिस दोन महिन्यांनी येते, बावीस तासांच्या सेटची अकराव्या-बाराव्या दिवशी. फिल्टर आयात केलेला, ऑइल आयात केलेले. त्यात पंधरा-वीस केव्हीएच्या सेटवर तीन किलोवॉटचा भार म्हणजे इंजिन कधी नीट तापतच नाही. अर्धवट जळलेले डिझेल एक्झॉस्टमध्ये साचते, धूर काळा येऊ लागतो, इंजेक्टर चोंदतात. तीन वर्षांत ओव्हरहॉलला येणारा सेट वर्षाच्या आत मान टाकतो.

बॅटऱ्यांचे आणखी वाईट. स्टँडबायसाठी बनवलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली आणि पुन्हा पूर्ण चार्जच होऊ दिली नाही, तर काही महिन्यांत तिची क्षमता अर्ध्यावर येते. पूर्वी वीज गेली तर चार तास तग धरणारी साइट आता चाळीस मिनिटांत आडवी. नव्या बॅटऱ्यांना डॉलर नाहीत. असलेल्यांवर चोरांचा डोळा, कारण अशा काळात शिसे, तांबे आणि डिझेल या तिन्ही गोष्टी रोख पैशासारख्या असतात. तांब्याच्या केबल चोरीला जाण्याचे प्रकार लेबनॉनमध्ये या काळात फार वाढले.

अशा वेळी ऑपरेशन्सवाला काय करतो? सगळ्या साइट चालवणे शक्य नसते, मग तो क्रम लावतो. ज्या साइटवरून पुढच्या दहा-पंधरा साइटचा मायक्रोवेव्ह (टॉवर ते टॉवर बिनतारी दुवा) जातो तिला डिझेल आधी. डोंगरातल्या शेवटच्या गावाची, जिच्या पुढे कोणी नाही, ती साइट शेवटी. रात्री फोर-जीचे जादा कॅरिअर (वाढीव क्षमतेचे लहरीपट्टे) बंद करून भार कमी करायचा. कार्ड जळाले तर कमी वापराच्या साइटचे काढून गर्दीच्या साइटला लावायचे. सपोर्ट करार संपला तर सॉफ्टवेअर आहे त्या व्हर्जनवर ठेवायचे आणि काही बिघडू नये अशी प्रार्थना करायची. यातला प्रत्येक निर्णय त्या दिवशी बरोबरच असतो. दोन वर्षे रोज असे बरोबर निर्णय घेतले, की नेटवर्क आतून पोखरून निघते. नकाशावर कव्हरेज तेवढेच दिसते, कॉल मात्र लागत नाही. आणि पहिला बळी शेवटच्या गावाचा. तिथल्या माणसाला रिचार्ज स्वस्त आहे, सिग्नल नाही.

फुकटच्या जवळ गेलेल्या दराचा आणखी एक परिणाम: माणसे डेटा जास्त वापरतात. क्षमता घटतेय आणि मागणी वाढतेय. शिवाय सवलत वाटेतच गळते. लेबनॉनमध्ये घरगुती इंटरनेटचा मोठा भाग गल्लीतल्या केबलवाल्यांकडून, बऱ्याचदा परवाना नसलेल्यांकडून मिळतो. वरून ओजेरोच्या दराने, जुन्या लिरात क्षमता घ्यायची आणि खाली घरोघर बाजारभावाने विकायची, ही संधी दर गोठल्यामुळेच तयार झाली. प्रीपेड कार्डांचेही तेच. ज्या कार्डाचा भाव सरकारी कागदावर पडलेला आणि बाजारात चढलेला, ते कार्ड दुकानात मिळत नाही, किंवा छापील किमतीपेक्षा चढ्या भावाने मिळते. जून २०२२ मध्ये दरवाढ येणार हे सगळ्यांना ठाऊक झाल्यावर कार्डांची इतकी साठेबाजी झाली, की कंपन्यांना पुरवठा मोजूनमापून करावा लागला. सरकारी तिजोरीतून निघालेली सवलत व्यापाऱ्याच्या कपाटात जाऊन बसली.

मग दर वाढवायला एवढा उशीर का? १७ ऑक्टोबरची भीती सांगितलीच. दुसरे कारण रचनेतले आहे. २००२ च्या ४३१ क्रमांकाच्या कायद्याने लेबनॉनमध्ये स्वतंत्र दूरसंचार नियामक नेमायचा होता. तो नेमलाही, पण २०१२ मध्ये मंडळाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे जागा रिकाम्याच राहिल्या. म्हणजे दर ठरवायचा तो मंत्रिमंडळाने. आणि मंत्रिमंडळ? ऑगस्ट २०२० च्या बैरूत बंदरातल्या स्फोटानंतर सरकारने राजीनामा दिला आणि पूर्ण अधिकारांचे नवे सरकार यायला सप्टेंबर २०२१ उजाडला. काळजीवाहू सरकार असा निर्णय घेत नाही, आणि नवे घेतले तरी निवडणुकीच्या तोंडावर घेत नाही. शेवटी २० मे २०२२ ला, निवडणूक झाल्यावर आणि पंतप्रधान नजीब मिकाती यांचे सरकार काळजीवाहू होण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत, निर्णय झाला. मिकाती यांच्या घराण्याची संपत्ती टेलिकॉममधलीच, सेलिसमध्येही त्यांचा हिस्सा होता. या धंद्याचा खर्च त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निर्णय असा: डॉलरमधले जुने दर एक तृतीयांश करायचे, पण लिरात मोजताना मध्यवर्ती बँकेच्या ‘सैरफा’ या चलन-विनिमय मंचावरचा डॉलरचा भाव लावायचा. तो तेव्हा २५,००० च्या आसपास होता. १० डॉलरचा रिचार्ज ३.३३ डॉलर झाला आणि त्याचे लिरात ८३,००० च्या आसपास झाले. पूर्वी १५,०७५. साडेपाच पट! संकटापूर्वीचे किमान वेतन होते महिना ६,७५,००० लिरा. त्यातला सव्वादोन टक्के भाग या रिचार्जला जायचा, तो बारा टक्क्यांवर गेला. पुढे वेतनही वाढवले गेले, पण लिरा त्याहून वेगाने घसरला. लोकांचा संताप खराच होता. आणि कंपनीच्या बाजूने बघाल तर डॉलरमध्ये तिला अजूनही पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी मिळत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

इथे ओजेरो आडवी येते. मोबाईलचे दर साडेपाच पट झाले, पण लँडलाइन आणि इंटरनेटचे फक्त अडीचपट. हा निर्णय मला कधीच समजला नाही. मोबाईलच्या टॉवरवरून निघालेला कॉल आणि डेटा शेवटी ओजेरोच्या एक्सचेंज आणि फायबरमधूनच जातो, देशाबाहेरही तिथूनच. वरचा मजला दुरुस्त करायला पैसे दिले आणि पाया तसाच सोडला. ओजेरोची अवस्था काय होती हे जानेवारी २०२२ मध्येच दिसले होते. पश्चिम बैरूतमधल्या मजरा एक्सचेंजचे डिझेल संपले, आसपासच्या भागाचे इंटरनेट गेले, आणि ते पुन्हा सुरू झाले ते एका रहिवाशाने स्वतःचे डिझेल दिल्यावर! राजधानीतले एक्सचेंज शेजाऱ्याच्या डिझेलवर. दरवाढीनंतर दोनच महिन्यांत, ऑगस्टअखेर, लिरातला पगार पुरत नाही म्हणून ओजेरोचे कर्मचारी संपावर गेले आणि जागोजागी फोन-इंटरनेट पुन्हा बंद पडले. महाग रिचार्ज केलेल्या मोबाईलचेही. ओजेरोचे दर सातपट करायला सप्टेंबर २०२३ उजाडला.

आता तुलनेला श्रीलंका. तिथेही २०२२ मध्येच दिवाळखोरी, मार्चमध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडल्यावर डॉलर २०० वरून दोन महिन्यांत ३६० च्या घरात, दिवसाला तेरा तासांपर्यंत वीजकपात, डिझेलसाठी रांगा. पण तिथे मोबाईल कंपन्या अनेक, बहुतेक खासगी, आणि नियामक आयोग जागेवर. ५ सप्टेंबर २०२२ पासून आयोगाच्या मान्यतेने मोबाईल, लँडलाइन आणि ब्रॉडबँडचे दर २० टक्के वाढले. कोलंबोतली महागाई त्या महिन्यात ७० टक्क्यांच्या जवळ होती, म्हणजे ही वाढ कंपन्यांना पुरेशी नव्हतीच. ऑगस्टमध्ये एकट्या विजेचेच दर सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले होते. सरकारने वर दूरसंचार आकार ११.२५ वरून १५ टक्के केला. परकी चलनातल्या कर्जामुळे डायलॉग ही सर्वांत मोठी कंपनी त्या वर्षी मोठ्या तोट्यात गेली. तरीही नेटवर्क लेबनॉनसारखे खचले नाही. इंधनाचे रेशनिंग क्यूआर कोडवर चालवता आले, ते फोन चालू होते म्हणूनच.

मग खासगी म्हणजे चांगले, असे म्हणू का? इतके सोपे नाही. श्रीलंकेने किंमत दुसरीकडे मोजली. दुबळी कंपनी तोटा सोसत नाही, ती विकली जाते. एअरटेल लंका जून २०२४ मध्ये डायलॉगमध्ये विलीन झाली आणि भारती एअरटेलला बदल्यात डायलॉगचा १०.३५५ टक्के हिस्सा मिळाला. त्याआधी २०१८ मध्ये एतिसलातचा तिथला धंदा हचने घेतला होता. पाचाच्या तीन मोबाईल कंपन्या झाल्या. नेटवर्क वाचले, ग्राहकाची निवड आक्रसली. पुढची दरवाढ रोखायला बाजारात आता कमी हात आहेत.

लेबनॉनमध्ये काय करता आले असते, याचे माझे मत सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यातच दर डॉलरच्या जाहीर भावाशी अंशतः बांधायचे, दर तिमाहीला थोडे थोडे. सोबत एक अगदी छोटा पॅक जुन्याच दराने ठेवायचा: थोडी मिनिटे, व्हॉट्सअ‍ॅपपुरता डेटा, एका ओळखपत्रावर एकच. गरिबाला तेवढ्याने खरी मदत होते आणि साठेबाजाला त्यात काही मिळत नाही. तिसरी गोष्ट अर्थखात्याला सगळ्यात नकोशी, ती म्हणजे वाढीव पैसा आधी डिझेल, बॅटऱ्या आणि सौर पॅनेलला, उरला तर तिजोरीला. तीन किलोवॉटच्या साइटवर सौर पॅनेल आणि चांगल्या बॅटऱ्या बसवल्या, तर जनरेटर बावीस तासांवरून सहा-आठ तासांवर आणता येतो; छतावर जागा आणि चोरीपासून बंदोबस्त हवा. बावीस तास डिझेल जाळणाऱ्या साइटवर हा खर्च काही वर्षांतच भरून निघतो. पण त्यासाठी एकदम हातात डॉलर लागतात, आणि ते २०२० मध्ये थोडेफार होते, २०२२ मध्ये नव्हते.

आणि चौथी गोष्ट ओजेरोची. मोबाईलचा दर ज्या दिवशी बदलेल, त्याच दिवशी, त्याच सूत्राने ओजेरोचाही बदलायला हवा होता.